रुमाल टाकून धरलेली जागा

प्रवासात आपल्याला चांगली जागा मिळावी, असे वाटण्यात काही गैर आहे काय? प्रश्न इतका किरकोळ दिसतो की त्यासाठी एखाद्या त्रैमासिकाची पाने खर्ची घालावीत काय, अशी शंका वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु आपल्या धर्मग्रामांतील घरोघर आज कोणी ना कोणी परदेशी आहे. कोणी आखातात, कोणी कॅनडात, कोणी ऑस्ट्रेलियात. विमानाचे तिकीट काढण्याची संध्याकाळ आली की सारे घर संगणकाभोवती जमते आणि पडद्यावर आसनांचा नकाशा उघडतो. खिडकी की वाटेकडेची, पुढची की मागची, यावर जो खल चालतो तो पाहता, खुद्द परदेशी जाण्याच्या निर्णयावर तरी एवढी चर्चा झाली असेल काय, असे वाटून जाते. माणूस ज्या गोष्टीसाठी इतका जीव टाकतो, तिच्यात नीतीचा प्रश्न दडलेलाच नसेल असे मानणे कठीण आहे.

तो प्रश्न विमानात शिरून शोधण्याआधी जव्हारच्या एस.टी. स्थानकावर थोडे थांबावे, असे मला सुचवावेसे वाटते. तेथे तो उघड्यावर मांडलेला दिसतो.

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील डोंगराळ तालुके. १ ऑगस्ट २०१४ पूर्वी ते ठाणे जिल्ह्यात मोडत. आगगाडी तेथे पोहोचलेली नाही. मोखाड्यावरून त्र्यंबकेश्वराकडे जायचे तर तोरंगणचा घाट आहे, आणि समुद्राकडे उतरायचे तरी वळणांवाचून सुटका नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. त्याच वर्षी मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान विलीन झाले. हा निव्वळ योगायोग, पण बोलका आहे. दरबारात कोणी कोठे बसायचे हे जन्माने ठरत असे. एस.टी.त मात्र राजवाड्यातल्याला आणि पाड्यावरच्या कातकऱ्याला तिकीट एकच, बाकडे एकच. जन्माचा हक्क गेला तेव्हा त्या जागी काय आले? रुमाल आला.

गाडी फलाटाला लागायच्या आत पोरे धावत सुटतात आणि खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, जे हाताशी असेल ते आत टाकतात. घाटात कोणती जागा चांगली, याचे शास्त्र प्रत्येकाला पाठ असते. मागच्या चाकांपलीकडची शेवटची रांग सर्वांत वाईट, तेथे खड्ड्यागणिक माणूस उसळतो. दोन्ही चाकांच्या मधोमध हादरे कमी. ज्याला गाडी लागते त्याला पुढची आणि खिडकीची जागा हवी. जुन्या लाल गाड्यांत एका बाजूला तिघांचे आणि दुसऱ्या बाजूला दोघांचे बाकडे असे, त्यामुळे तिघांतला मधला माणूस दोन्हीकडून दाबला जाई. काही जागांवर ‘आमदार-खासदार’, ‘स्वातंत्र्यसैनिक’, ‘अपंग’, ‘महिला’ अशी अक्षरे रंगवलेली असत. आमदारांच्या जागेवर आमदार बसलेले किती जणांनी पाहिले असतील कोण जाणे. त्या अक्षरांखाली बाजाराची टोपली पायाशी घेऊन बसलेली एखादी वारली म्हातारी मात्र पुष्कळांनी पाहिली असेल.

रुमालाचा हा हक्क कायद्यात कोठेही लिहिलेला नाही. तरीही तो चालतो. टाकलेला रुमाल उचलून बाजूला सारणारा भांडखोर ठरतो. परंतु त्या हक्काला एक मर्यादाही आहे. कडेवर मूल घेतलेली बाई समोर येऊन उभी राहिली, तर ‘माझा रुमाल होता’ एवढेच म्हणणे पुरत नाही. आजूबाजूच्या दहा नजरा त्या माणसाकडे वळतात. कोणी कुरकुरत उठतो, कोणी झोपेचे सोंग घेतो. सोंग घ्यावे लागते, यातच सारे आले.

जागा आधी धरल्याने ती आपली होते काय, हा प्रश्न विद्वानांनाही पडला होता, आणि त्यांनीही नेमके आसनाचेच उदाहरण घेतले, ही गंमत आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन विचारवंत सिसेरो याने स्टोइक पंथाचे मत मांडताना नाट्यगृहाचा दाखला दिला. नाट्यगृह सर्वांचे असते, तरी ज्याने जी जागा घेतली ती त्याची असे म्हणणे रास्त आहे, जगाचेही तसेच. रुमालवाल्यांना यापेक्षा चांगला वकील मिळणार नाही. परंतु चौथ्या शतकात कैसरियाचे महागुरुस्वामी संत बाझील यांनी हाच दाखला उलटा फिरवला. कोठारे पाडून मोठी बांधू पाहणाऱ्या श्रीमंताचा दृष्टान्त लूकच्या शुभवर्तमानात आहे. त्यावर प्रवचन करताना त्यांनी अशा श्रीमंताची तुलना नाट्यगृहात आधी येऊन बसणाऱ्या आणि मागून येणाऱ्यांना अडवणाऱ्या प्रेक्षकाशी केली. जे सर्वांसाठी होते ते केवळ आपण आधी आलो म्हणून आपले म्हणायचे, हा त्यांच्या दृष्टीने अन्याय होता. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी बाझीलचे हे वचन आपल्या ‘सुम्मा’ या बृहद्ग्रंथात आक्षेप म्हणून पुढे ठेवले आणि त्याचा बारकाईने उलगडा केला. आधी येण्यात दोष नाही. आधी येऊन जो इतरांची वाट मोकळी करतो तो चुकत नाही. दोष आहे तो इतरांना अडवण्यात. वस्तू सांभाळण्याचा हक्क एकेकट्याचा असू शकतो, पण तिचा उपयोग करताना ती सर्वांची आहे असे मानून गरजवंताला तत्परतेने वाटा द्यावा, असे त्यांनी ठरवले.

बाझील यांच्या काळी कप्पदुकियात मोठा दुष्काळ पडला होता, आणि गरीब-श्रीमंतांविषयीच्या त्यांच्या बोलण्याला ती धार आहे. मोखाड्यात उभे राहून त्यांचा विचार केला तर नाट्यगृहाचा दाखला अंगावर येतो. या तालुक्यातील कोचाळे येथे वैतरणेवर १०० मीटरहून उंच असे मध्य वैतरणा धरण बांधले गेले आणि २०१४ पासून त्याचे पाणी मुंबईला मिळू लागले. त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. मुंबईने पाणी पिऊ नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु नदीच्या उशाशी राहणाऱ्यांचा रुमाल कोणी आणि केव्हा उचलून बाजूला ठेवला, हे नळ सोडताना आपल्याला दिसत नाही. न दिसण्याचीच ही गोष्ट आहे, आणि विमानाच्या नकाशातही तीच आहे.

बोइंग ७७७ जातीच्या विमानात पूर्वी स्वस्त वर्गाच्या एका ओळीत बहुधा नऊ आसने असत; पुढे अनेक कंपन्यांनी तीन-चार-तीन अशी दहा बसवली. हिशेब सोपा आहे. दहांतील दोघांना खिडकी, चौघांना वाटेकडेची जागा, आणि उरलेल्या चौघांना यांतले काहीच नाही. मुंबईहून न्यूयॉर्कचा थेट प्रवास सुमारे सोळा तासांचा. दोन ओळींमधील अंतर साधारण ३१-३२ इंच. जव्हारच्या प्रवाशाचे शास्त्र येथेही लागू पडते. पंखांच्या आसपास हेलकावे कमी आणि शेपटीकडे जास्त. खिडकीशी डोके टेकता येते, पण उठायचे तर दोघांना उठवावे लागते. वाटेकडेला पाय मोकळे करता येतात, पण जो तो धक्का देऊन जातो. पुढच्या भिंतीसमोर तान्ह्या मुलाचा पाळणा अडकवण्याची सोय असते. संकटकाली उघडायच्या दाराशेजारी पाय पसरायला भरपूर जागा मिळते. मात्र तेथे बसणाऱ्याला विमानसेविका विचारते की, वेळ आली तर मदत कराल ना? ‘नाही’ म्हणणाऱ्याला आणि ज्याला ते झेपणार नाही त्यालाही तेथून उठावे लागते. साऱ्या विमानात मला ही एकच रांग नीतिशास्त्राला धरून मांडलेली वाटते. तेथे सोय आणि कर्तव्य एकाच पट्ट्याने बांधलेले आहेत.

एरव्ही नकाशावर बोट ठेवताना समोर कोणाचाही चेहरा नसतो. आपण वाटेकडेची जागा घेतली की मधली कोणाच्या वाट्याला जाईल, हे कळत नाही. कळत नाही म्हणून टोचतही नाही. त्यातच आता बऱ्याच कंपन्या चांगल्या जागेचे वेगळे पैसे घेतात. याचा परिणाम म्हणून आईबाप एका ओळीत आणि मूल दुसऱ्या ओळीत, असे प्रकार घडू लागले. अखेर एप्रिल २०२४ मध्ये भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला कंपन्यांना बजावावे लागले की, बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावर प्रवास करणाऱ्या आईवडिलांपैकी वा पालकांपैकी निदान एकाजवळ तरी जागा द्यावी. एस.टी.त जे दहा नजरांनी होत असे, ते येथे परिपत्रकाने करावे लागले.

मग ज्याने पैसे मोजून जागा घेतली, त्याने ती सोडावी काय? अनेकांचे उत्तर ठरलेले असते: पैसे दिले, विषय संपला. मला हे पटत नाही, आणि याच्या उलट टोकही पटत नाही. पैसे दिल्याने कंपनीशी करार होतो. कंपनीने ती जागा दुसऱ्याला देऊ नये, एवढा हक्क त्यातून नक्कीच मिळतो. परंतु शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी आपले जे नाते आहे, ते त्या करारात कोठेच लिहिलेले नव्हते. मग ते करारामुळे रद्द कसे होईल? दुसरीकडे, केवळ मैत्रिणीशेजारी बसावे म्हणून, किंवा आधी निवड करण्याचा कंटाळा केला म्हणून, परक्याला त्याच्या जागेवरून उठवू पाहणारेही असतात. वर ‘एवढीही माणुसकी नाही’ असे ऐकवायला ते मोकळे! ज्याच्यापाशी मागितले जाते त्याचा गुडघा दुखत असेल, त्याने त्यासाठीच चार पैसे जास्त मोजले असतील, हे त्यांच्या गावीही नसते. दुसऱ्याच्या खिशातून केलेला दानधर्म तो हाच. अक्वायनस यांनी ‘गरज’ हा शब्द वापरला आहे, इच्छा नव्हे. दोन्हींत फरक करणे अवघड जाते, पण तो भार मागणाऱ्यानेही उचलावा लागतो.

गरजेप्रमाणे जागा वाटून घेण्याची रीत जेथे तिकीटच नसते तेथे सापडते. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातील कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला उतरतात. भांडीकुंडी, कोंबड्या, पोरेबाळे यांसकट एखाद्या टेम्पोच्या हौद्यात सारे बसतात. केबिनच्या पाठीशी वारा आणि हादरे कमी, तेथे तान्हे घेतलेली बाई आणि म्हातारी माणसे. मागे फाळक्याशी तरणी पोरे. कोणी नकाशा काढलेला नसतो. हे लिहिताना गरिबीचे गुणगान करण्याचा हेतू नाही. तो प्रवासच मुळात करावा लागू नये. परंतु निवड नसलेल्यांना वाटप जमते आणि निवडीचे पैसे मोजणाऱ्यांना परिपत्रक लागते, हे नजरेआड करता येत नाही.

येथे कोणी म्हणेल की प्रभू येशूने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे: मेजवानीला गेलात तर शेवटच्या जागी बसा. लूकच्या चौदाव्या अध्यायातील हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकतो. पण तो वाटतो तितका सोपा नाही. यजमानाने सर्वांसमोर ‘मित्रा, वर ये’ म्हणावे म्हणून मुद्दाम खाली बसणारा माणूसही जागाच धरत असतो. त्याचा रुमाल तेवढा अदृश्य असतो. मधली खुर्ची स्वीकारून पुढे वर्षभर त्याची कथा सांगणारे नातेवाईक आपल्या ओळखीचे आहेत. याकोब आणि योहान यांनी तर सरळ उजवी-डावी आसने मागितली. मत्तयच्या शुभवर्तमानात त्यांच्या आईने त्यांच्यासाठी मागणी केली. त्यांच्या मागणीत निदान आडपडदा नव्हता, आणि येशूने त्यांना हाकलूनही दिले नाही. प्याला पिण्याची तयारी आहे काय, एवढे विचारले. संकटदाराशेजारच्या रांगेतला प्रश्नही याहून फार वेगळा नाही. (देवळात आपण मागचे बाक आधी भरतो ते मात्र या उपदेशामुळे असे कोणी समजू नये. तेथून मिस्सा संपताच लवकर बाहेर पडता येते.)

तेव्हा चांगली जागा निवडावी की नाही, यापेक्षा ती कोणासाठी निवडायची, हे विचारणे मला अधिक उपयोगाचे वाटते. स्थानकावर रुमाल टाकणारी सारी पोरे स्वतःसाठी धावत नसतात. पुष्कळदा मागून सावकाश येणारी आजी असते, आणि तिला बसवून नातू दांड्याला धरून उभा राहतो. आपल्याकडेही तोच प्रसंग येतो. सुनेचे वा लेकीचे बाळंतपण करायला आई आयुष्यात प्रथमच परदेशी निघते. मुले हौसेने तिला खिडकी घेऊन देतात, ढग दिसतील म्हणून. ढग दोन तासांत संपतात; पुढचे तेरा-चौदा तास ती शेजारच्या दोन परक्या माणसांना उठवायचे कसे, या संकोचात काढते, आणि उठावे लागू नये म्हणून पाणीही पीत नाही. सुजलेल्या पायांनी उतरते आणि प्रवास छान झाला म्हणून सांगते. तिला हवी असते वाटेकडेची जागा, पंखांच्या आसपासची, शौचालयापासून चारपाच ओळींवरची. आणि मुलांपैकी कोणी सोबत जाणार असेल तर शेजारची मधली खुर्ची त्याने स्वतः घ्यावी. पडद्यावर बोट ठेवण्याआधी तिला एकदा विचारले तर ती ‘कुठलीही चालेल रे’ असेच म्हणेल. तेव्हा दुसऱ्यांदा विचारावे.