घरची की घरच्यासारखी?

आजचं वाचन : गीता, अध्याय ५, श्लोक १८.

विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने दूर ठेवलेला माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी माणूस समदृष्टीने बघतो, असं भगवंत सांगतात. पण आपल्या घरात काम करणाऱ्या माणसाकडे समदृष्टीने बघायचं, म्हणजे नेमकं काय करायचं?

आमच्या खालापुरातली एक मुलगी जर्मनीला 'ओ पेअर' म्हणून जायची तयारी करतेय. तिकडच्या कुटुंबात राहायचं, मुलं सांभाळायची, घरकामात हातभार लावायचा. बदल्यात खोली, जेवण, पॉकेटमनी आणि भाषा शिकायची संधी. आजी म्हणाली, "म्हणजे मोलकरीणच ना?" आई म्हणाली, "नाही हो, घरच्यासारखी!"

मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थच 'बरोबरीच्या नात्याने' असा आहे. ही बरोबरी नुसत्या मायेवर सोडलेली नाही. युरोप परिषदेच्या १९६९ च्या करारात दिवसाला साधारण पाच तासांची मर्यादा आणि आठवड्याला एक पूर्ण सुट्टी लिहिली आहे. जर्मनीत आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास काम. कारण "तू घरचीच ना गं" म्हणत रात्री दहाला भांडी घासायला लावणं फार सोपं असतं.

तास मोजले की माया आटते का? मला उलट वाटतं. काम संपल्यावरही ती गप्पा मारत बसली, तर ती मनापासून बसलीय हे तरी कळतं.

आता आपली जनाबाई आठवा. गंगाखेडची ही मुलगी पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आली आणि नामदेवांच्या त्या घरात राबत वाढली. परंपरा सांगते, विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसला, त्याने पाणी भरलं, शेण्या वेचल्या. देवाने तिला आपलं मानलं, ते जात्याचा खुंटा धरून. समदृष्टीची खूण मला इथे दिसते. आपलं म्हणायचं, तर ओझंही वाटून घ्यायचं.

कर्जत-खालापूरच्या गावांतून कितीतरी बायका-मुली पनवेल-मुंबईत घरकामाला, मुलं सांभाळायला जातात. "ती आमच्या घरातलीच आहे," असं लोक कौतुकाने सांगतात. मग तिचा चहाचा कप वेगळा का? तिने सुट्टी मागितली की उत्तर "बघू" का?

आजचा संकल्प : आपल्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची सुट्टी त्यांना विचारून ठरवूया. आणि त्या दिवशी भांडी आपण घासूया, नाम घेत.

राम कृष्ण हरी!