सोबत कोण आलंय?

तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात पेशंट सहसा एकटा येत नाही. बायको येते, भाऊ येतो, गाडी आहे म्हणून शेजारचा पोरगा येतो. हे सगळे लागतातही. केसपेपरच्या रांगेत उभं राहणारे तेच, सलाईन संपलं की सिस्टरला हाक मारणारे तेच, रक्त आणायला जिल्ह्याला धावणारेही तेच. आमची रुग्णालयं या नातेवाइकांच्या जिवावर चालतात. एचआयव्हीच्या समुपदेशन व चाचणी केंद्रात मी बरीच वर्षं समुपदेशक होते, तिथं मात्र माझं पहिलं काम या सोबत्याला बाहेर बसवण्याचं असे. ‘सोबत कोण आलंय?’ असं विचारायचं आणि लगोलग ‘त्यांना जरा बाहेर थांबू द्या’ म्हणायचं. तेवढ्यानेच संशयाला सुरुवात व्हायची. क्ष-किरणाच्या खोलीबाहेर थांबायला कुणाची ना नसते. पण जिथं सासूला सुनेबरोबर आत येऊ देत नाहीत, तिथं काहीतरी वावगं असणार, हे बाकड्यावरच्या माणसाला न सांगता कळतं. गुप्तता पाळायला जावं, तर तीच बोभाटा करते.

कायद्यात हे बाकडं नाही. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ साली संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याने संमतीची व्याख्या काळजीपूर्वक केली आहे. त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत आणि अशा रीतीने सगळं सांगून झाल्यावर, धाक, दबाव, फसवणूक किंवा गैरसमज नसताना, त्या विशिष्ट चाचणीसाठी तिने दिलेला होकार म्हणजे संमती. चाचणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन हा त्या संमतीचाच भाग. अपवाद मोजके आहेत: न्यायालयाचा आदेश, रक्तपेढीतली तपासणी, अवयव किंवा ऊती घेताना करायची तपासणी, आणि ज्यात नाव कळत नाही असं साथीचं सर्वेक्षण. मला या कायद्याबद्दल आदर आहे. पण तो वाचताना डोळ्यांसमोर येतो तो एकटा माणूस, आणि त्याच्यासमोर उभे डॉक्टर, मालक, विमा कंपनी, सरकार. या सगळ्यांपासून कायदा त्याला जपू पाहतो. आमच्याकडे गुपित फुटायचं ते बहुतेक वेळा मायेच्या माणसाकडून.

अर्थात सरकारपासून जपणं किती गरजेचं होतं, हे गोव्याने पाहिलं आहे. डॉमिनिक डिसोझा नेमाने रक्तदान करत. दिलेल्या रक्ताची तपासणी झाली. आपण एचआयव्हीबाधित आहोत, हे त्यांना कुणी समोर बसवून सांगितलं नाही. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी त्यांना पोलिसांनी बोलावून घेतलं आणि पुढे क्षयरोग्यांच्या एका जुन्या दवाखान्यात एकट्याला कोंडून ठेवलं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा अशा विलगीकरणाची तरतूद होती. ६४ दिवस ते तिथं होते. त्यांच्या आईने, ल्यूसी डिसोझांनी, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात दाद मागितली. न्यायालयाने ती तरतूद रद्द केली नाही. सुटून आल्यावर डॉमिनिकनी बाधितांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये ते गेले. ‘माय ब्रदर निखिल’ हा चित्रपट त्यांच्या आयुष्यावर बेतलेला आहे हे अनेकांना ठाऊक असतं. पण ज्या रक्तदात्याला आपण एरवी पेढा आणि प्रमाणपत्र देतो त्यालाच त्याच्या दानाच्या पुराव्यावर कोंडलं, हे विसरलं जातं.

पुढे न्यायालयं बदलत गेली, पण सरळ रेषेत नव्हे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका हंगामी कामगाराचं प्रकरण आलं. सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपनीने केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याला काम नाकारलं होतं. काम करायला धडधाकट आणि इतरांना धोका नसलेल्या माणसाला असं नाकारता येणार नाही, असा निर्णय झाला. मला त्या खटल्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते: त्याला नाव न सांगता, नुसत्या अक्षरांच्या आड राहून लढू दिलं गेलं. न्याय मागायचा तर आधी गावभर जाहीर व्हा, ही अट तिथं गळली. २०१७ च्या कायद्यात टोपणनावाने खटला चालवायची सोय आहे, तिची वाट इथूनच निघाली.

लगेच पुढच्या वर्षी मात्र सर्वोच्च न्यायालयाने उलट टोक गाठलं. नागालँडच्या आरोग्यसेवेतल्या एका डॉक्टरने चेन्नईत दुसऱ्या रुग्णासाठी रक्त दिलं होतं. त्यातून कळलेली गोष्ट रुग्णालयाबाहेर गेली आणि ठरलेलं लग्न मोडलं. नियोजित वधूच्या जिवाचा हक्क मोठा, हे न्यायालयाचं म्हणणं समजण्यासारखं होतं. पण बाधित माणसाचा लग्नाचा हक्कच स्थगित असल्यासारखं भाष्य त्या निकालात झालं. ते अनाठायी होतं असं म्हणायला त्याच न्यायालयाला २००२ साल उजाडलं. मधल्या चार वर्षांत किती जणांनी लग्नाचा विचार सोडला असेल, किंवा लपवून केलं असेल, याचा हिशेब कोणत्याही नोंदवहीत नाही.

आता आमच्या केंद्राकडे येते. एकदा पस्तिशीचा एक शेतमजूर आला. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी खासगी नर्सिंग होममध्ये गेला होता. तिथं ऑपरेशनआधीच्या तपासण्यांची छापील यादी असते: हिमोग्लोबिन, साखर, मग एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क. खाली ‘सर्व तपासण्यांस माझी संमती आहे’ अशी ओळ. सही मेहुण्याने केली होती, कारण मेहुणाच धावपळ करत होता. एका कार्डावरची एकच झटपट चाचणी झाली. कागदावर लाल शाईने ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ लिहून तो कागद मेहुण्याच्याच हातात दिला गेला. मजुराला कळलं ते बायकोकडून. बायकोला तिच्या भावाकडून. म्हणजे ज्याचं रक्त, त्याचा नंबर शेवटचा.

सरकारी पद्धतीत पॉझिटिव्ह म्हणायला तीन वेगवेगळ्या किटवर तसा निकाल यावा लागतो. आमच्याकडे त्याची पहिलीच चाचणी निगेटिव्ह आली. काही आठवड्यांनी पुन्हा केली, तीही निगेटिव्ह. मी त्याला दोन्ही अहवाल दिले. त्याने विचारलं, “मॅडम, हे आता कुणाकुणाला दाखवू?” गावात एकदा गेलेली बातमी परत बोलावण्याचा अर्ज कुठल्याच कार्यालयात घेत नाहीत.

सर्जन मंडळींशी मी यावर अनेकदा बोलले आहे. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. सुई आमच्या हातात टोचते, मग आम्हाला कळायला नको? कळायला हरकत नाही, विचारून तपासा. पण नुकतीच लागण झालेल्याची चाचणी विंडो पीरियडमध्ये निगेटिव्ह येऊ शकते. चाचणीच्या भरवशावर हातमोजे ठरवणारा डॉक्टर उलट जास्त धोक्यात असतो. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत सारखीच खबरदारी घ्यायची असते, आणि कर्मचाऱ्यांना तिची साधनं पुरवणं कायद्याने संस्थेवर बंधनकारक केलं आहे. सुई टोचलीच तर प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायचं. खरं सांगायचं तर मला भेटलेल्या बऱ्याच ठिकाणी ती चाचणी खबरदारीसाठी नव्हतीच. पॉझिटिव्ह आला की ‘आमच्याकडे सोय नाही, मोठ्या दवाखान्यात न्या’ म्हणायला ती असे.

गरोदर बायकांची गोष्ट वेगळी आणि अधिक अवघड. त्यांची चाचणी करावीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, वेळेत उपचार मिळाले तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. नको म्हणायचा हक्क बाईला आहे. पण नोंदणीच्या दिवशी वजन, रक्तदाब, धनुर्वाताचं इंजेक्शन, रक्त अशी रांग सरकत असताना मधेच थांबून ‘नको’ म्हणणारी सून मला क्वचितच भेटली. मी माहिती सांगायचे, ती मान हलवायची. ती मान मला हलत होती की दाराशी उभ्या सासूला, हे मला दर वेळी सांगता आलं नसतं.

यातून एक विचित्र अन्याय होतो. घरात सगळ्यांत आधी तपासली जाते ती बाई, म्हणून सगळ्यांत आधी ‘सापडते’ तीही बाईच. विषाणू नवऱ्याकडून आलेला असला तरी घरात तो तिने आणला असं ठरतं. कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होतं, याचा पुरावा नवव्या कलमात आहे. जोडीदाराला मोठा धोका असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशक त्याला सांगू शकतात. पण आधी त्या व्यक्तीला स्वतः सांगण्यासाठी समजवायचं. ती सांगणार नाही अशी खात्री झाली, तर ‘आता मी सांगणार आहे’ हे तिला कळवायचं. मगच सांगायचं, तेही समोरासमोर आणि समुपदेशन करून. आणि सांगितल्याने मारहाण होईल, घराबाहेर काढतील, अशी रास्त भीती असेल, विशेषतः बाईच्या बाबतीत, तर सांगायचंच नाही. हे कलम लिहिणाऱ्याने कधीतरी सासरच्या माणसांनी भरलेला व्हरांडा पाहिला असावा.

सगळ्या सासवा सारख्या नसतात, हेही लिहायला हवं. एका आजीबाईंना मी नेहमीप्रमाणे बाहेर थांबायला सांगितलं. सून रडून बाहेर आली, तशा त्या आत आल्या. मी उत्तर जुळवतच होते, तर म्हणाल्या, “मला काय झालंय ते सांगू नका. तिचं तिला सांगितलंत ना? बास. गोळी किती वाजता घ्यायची तेवढं सांगा, ती विसरभोळी आहे.” कलम, नियम, प्रशिक्षण यातलं काहीही त्या बाईंच्या कानावर गेलेलं नव्हतं.

लग्नाआधी एचआयव्ही चाचणी सक्तीची करा, ही मागणी मधून मधून डोकं वर काढते. गोव्याच्या सरकारने ती २००६ मध्ये पुढे आणली होती आणि २०१९ मध्येही तिची चर्चा झाली. ऐकायला ती मुलींच्या बाजूची वाटते, म्हणून भले लोकही पाठिंबा देतात. मी नाही देणार. लग्न ठरवायला आपल्याकडे दोन घराणी बसतात, अहवालही त्या बैठकीतच फिरणार, आणि मोडलेल्या लग्नाचं कारण तिसऱ्या दिवशी सगळ्या पै-पाहुण्यांत पोचणार. निगेटिव्ह कागद काय, लग्नानंतरच्या वीस वर्षांची हमी देतो का? त्यापेक्षा मुलाने आणि मुलीने आपणहून, बरोबर येऊन तपासून घ्यावं. अशी काही जोडपी आमच्याकडे यायची. त्यांच्या घरच्यांना पत्ताही नसायचा.

आणि ज्यांना रोज गोळी घ्यायची आहे त्यांनी आपली गुप्तता स्वतःच्या खर्चाने उभी केलेली असते. औषध २००४ पासून सरकारी केंद्रात फुकट मिळतं, पण जवळचं केंद्र सोडून दोन एसट्या बदलून परजिल्ह्यात जाणारे कितीतरी. दिवसाची मजुरी बुडते, भाडं जातं. बायका बाटली हातात पडली की तिथंच जिन्याखाली उभ्या राहून नखाने लेबल खरवडून काढत. मग पर्समधून कापूस काढून बाटलीत कोंबत. चालताना गोळ्या वाजू नयेत म्हणून.

त्यातलीच एक विधवा, दोन मुलांची आई. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एड्सबाधितांचा समावेश आहे, म्हणून मीच तिला अर्ज आणून दिला होता. तिने तो वाचून घेतला. आजाराचं प्रमाणपत्र जोडायचं, तलाठी चौकशी करणार, तालुक्याची समिती मंजुरी देणार. माहिती जपण्याचं बंधन कायद्याने या सगळ्यांवर आहेच, ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “तलाठ्याचा कोतवाल माझा चुलत दीर आहे.” मग जरा विचार करून तिने विचारलं, दुसऱ्या तालुक्यातून अर्ज टाकता येतो का? मी तहसील कार्यालयात चौकशी केली. येत नाही. रहिवासाचा दाखला लागतो, आणि तो आपल्याच गावचा असावा लागतो.