साधनाची स्वच्छता आणि साधनशुद्धि

मनुष्य ज्या वस्तूची निगा राखतो तीवरून त्याचें मन ओळखावें, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. शेतकऱ्याची पारख त्याच्या बैलाच्या खांद्यावरून, सुताराची त्याच्या पटाशीच्या धारेवरून, आणि गृहिणीची तिच्या सारवलेल्या चुलीवरून होते. परंतु ज्या वस्तूचें कामच मुळीं जीव घेणें हें आहे, तिची निगा एखाद्यास उत्तम साधली तर त्याविषयीं आपण काय म्हणावें? ती निगा सद्गुणांत जमा धरावी, केवळ कौशल्यांत धरावी, कीं दोषांत? हा प्रश्न आम्हांस ग्रंथांत भेटला नाहीं. तो बुलढाणा जिल्ह्यांत, मेहकर तालुक्यांतील डोणगांव येथें, एका घराच्या ओसरीवर आमच्यापुढें येऊन उभा राहिला.

तेथील आमचे एक स्नेही सैन्यांतील नोकरी पुरी करून घरीं परतले आहेत. थोडी सोयाबीनची शेती आहे, पण तीवर घर चालत नाहीं. म्हणून एका बँकेच्या दारावर सशस्त्र पहारेकऱ्याचें काम त्यांनीं पत्करलें. परवाना मिळाला, आणि इच्छापूरच्या कारखान्यांतील ०.३१५ मापाची नवी कोरी रायफल घरांत आली. एके काळीं आम्ही त्यांस शाळेंत रसायनशास्त्र शिकविलें होतें, तेवढ्या नात्यानें त्यांनीं आम्हांस विचारलें कीं, हिला तेल कोणतें घालावें? सैन्यांत जें हातीं देत तें वापरावयाचें, निवड करण्याचा प्रसंगच नव्हता. येथें मात्र सतरंजीवर चारपांच बाटल्या, पितळी कुंचा, सळई, फलाणीचे तुकडे असा संसार मांडलेला होता, आणि आमचे स्नेही त्यांतील एकेक वस्तु हातीं घेऊन मोठ्या आस्थेनें निरखीत होते. दारांत बसलेल्या त्यांच्या वृद्ध मातोश्री हें सर्व पाहत होत्या. त्या सहज म्हणाल्या, "बैल होते तवा त्याइच्या खांद्याले असं लोणी तुनं कधी नाही लावलं."

चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. आम्हीही तेलाचें उत्तर देऊन परत आलों. पण आम्हीं जें उत्तर दिलें तें सोप्या प्रश्नाचें होतें, आणि अवघड प्रश्न त्या माउलीनें विचारला होता, ही जाणीव आमच्या मनांतून गेली नाहीं. म्हणून आतां दोन्ही प्रश्न एकत्रच घेतों.

प्रथम सोपा. नवी रायफल कारखान्यांतून येते ती गंजापासून रक्षण करणाऱ्या जाड लेपासह. तो नळींतून पुरता काढल्यावांचून पहिली गोळी सोडूं नये. कारण नळींतला अडथळा दाब वाढवितो, आणि काडतुसाच्या घरांत तेल राहिलें तर पितळी टोपण भिंतीस धरून राहत नाहीं व मागील खिळीवर नको तितका भार येतो. सळई शक्य तोंवर मागील बाजूनें घालावी. कारण तोंडाकडील कडेवर जरासा ओरखडा पडला तरी गोळी वांकडी जाते. दारूची काजळी द्रावकानें सुटते, पितळी कुंच्यानें खरवडली जाते आणि कापडानें निघते. शेवटीं खनिज तेलाचा पातळ हात पुरे. घरचें तेल चालेल काय, असें स्नेह्यांनीं विचारलें. जवसाचें तेल लांकडी दस्त्यास चांगलें, कारण तें हवेंतील प्राणवायु घेऊन सुकतें व कठीण पापुद्रा धरतें. पण नेमक्या त्याच गुणामुळें तें खिळीच्या यंत्रांत घालणें म्हणजे यंत्र चिकटवून ठेवणें होय. खोबरेल हिवाळ्यांत थिजतें. चामड्याच्या म्यानांत रायफल ठेवणें दिसावयास शोभिवंत, पण चामडें पावसाळ्यांत ओल धरतें आणि ती ओल लोखंडास देतें. एकंदरींत लागणाऱ्या वस्तु थोड्या, खर्च थोडा, आणि नियमितपणा मात्र पुष्कळ.

यांतील एक गोष्ट आम्हांस नेहमीं विचार करावयास लावते. जुन्या काडतुसांच्या टोपींत पोटॅशियम क्लोरेट असे. तें जळून नळींत जें मागें राही तें आपल्या मिठाच्या जातीचेंच एक मीठ. तें हवेंतील ओल ओढून घेई आणि दोनतीन दिवसांत पोलाद खाऊं लागे. अननुभवी मनुष्य नळीस भरपूर तेल लावी, नळी चकाके, तो निश्चिंत होई, आणि तेलाच्या थराखालीं गंज आपलें काम करीत राही. कारण मीठ तेलांत विरघळत नाहीं. त्यास पाणीच पाहिजे. म्हणून जाणते शिपाई प्रथम नळींतून कढत पाणी ओतीत, ती कोरडी करीत, आणि मगच तेलास हात लावीत. चकाकी आणि स्वच्छता या दोन निराळ्या वस्तु आहेत, हें ज्यास शिकावयाचें असेल त्यानें नीतिशास्त्राचे ग्रंथ वाचण्यापूर्वीं एखादी जुनी बंदूक धुऊन पाहावी.

आतां अवघड प्रश्न. त्याचीं दोन उत्तरें लोकांच्या तोंडीं तयारच असतात.

पहिलें असें कीं, साधन हें साधन आहे. त्यास पापपुण्य नाहीं. खंडेनवमीस आपण तलवारीबरोबर नांगर, तराजू, करवत आणि लेखणी यांचीही पूजा करतों. त्या दिवशीं कोणतें हत्यार कशासाठीं असा भेद कोणी करीत नाहीं. मेहकरच्या बालाजीस लोक शारंगधर म्हणतात, आणि शार्ङ्ग हें तर विष्णूच्या धनुष्याचें नांव; म्हणजे त्या प्रांतीं देवाची ओळखच शस्त्रावरून पटते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतही गडावरील दारूगोळा ठराविक दिवसांनीं बाहेर काढून उन्हांत द्यावा व पुन्हा बंदोबस्तानें ठेवावा, अशी काळजी सांगितली आहे. राज्य चालविणाऱ्यांस ही निगा हें कर्तव्य वाटलें, मग पहारेकऱ्यास तें कां वाटूं नये?

या उत्तरांत तथ्य आहे, पण तें पुरें नाहीं. मारेकरीही आपला सुरा घांसून पुसून ठेवतो, आणि त्याची ती निष्ठा आपण सद्गुण म्हणून वाखाणीत नाहीं. निगा हा गुण ज्या कामास जोडला जाईल त्याचा रंग घेतो. शिवाय निगेचा एक स्वभाव असा कीं, ती ज्या वस्तूची घ्यावी तिच्यावर प्रेम जडतें, आणि ज्यावर प्रेम जडलें त्याचा उपयोग व्हावा असें वाटूं लागतें. रोज पुसलेली बंदूक आपल्या धन्यास हळूच विचारूं लागते, "माझी वेळ कधीं?" मातोश्रींच्या बोलण्यांत हेंच भय होतें, असें आम्हांस वाटतें. बैलावर लोणी खर्च झालें नाहीं याचें त्यांना दुःख होतेंच; पण पुत्राचा जीव कोणत्या वस्तूंत गुंतत आहे, ही त्यांची खरी काळजी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलाचे खांदे मळतात त्यांत वर्षभराच्या ओझ्याची क्षमा मागितलेली असते. रायफलीकडे क्षमा मागण्याजोगें काय आहे?

दुसरें उत्तर याच्या उलट. शस्त्राची निगा म्हणजे हिंसेची पूर्वतयारी. अहिंसेवर श्रद्धा असणाऱ्यानें तींत हात घालूं नये, गंजत असेल तर गंजूं द्यावें. हें उत्तर ऐकावयास उदात्त आहे, पण तपासून पाहतां टिकत नाहीं. गंजलेली बंदूक अहिंसक होत नाहीं; ती फक्त कोणास इजा करील तें सांगतां येईनासें होतें. ती चालविणाऱ्याच्याच तोंडावर फुटेल, नेम सोडून वाटेनें जाणाऱ्यास लागेल, किंवा ऐन वेळीं मुकी राहून ज्याचें रक्षण करावयाचें त्यास उघडें पाडील. ज्यास शस्त्र नको त्यानें तें घेऊंच नये. तो मार्ग सरळ व सन्मान्य आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानें परवाना हा मागून घेण्याचा विषय ठेवला आहे. कोणी तो कोणाच्या गळ्यांत बांधीत नाहीं. पण घेतल्यानंतर हेळसांड करणें म्हणजे निर्णयाची जबाबदारी गंजावर ढकलणें होय. घेण्याचा निर्णय आणि निगेचा निर्णय हे दोन निर्णय आहेत. पहिल्याविषयींची टोंचणी दुसऱ्यांत आळस करून शमत नाहीं.

मग या निगेंत नीति कोठें आहे? आपल्या इतिहासांत तेलातुपाच्या या क्षुद्र वाटणाऱ्या प्रश्नानेंच एकदां साम्राज्य हादरलें होतें. १८५७ च्या आरंभीं नव्या एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांस गाय व डुक्कर यांची चरबी लाविली आहे, अशी वार्ता शिपायांत पसरली. त्याच जानेवारींत सरकारनें मुभा दिली कीं, शिपायांनीं आपल्या पसंतीचें वंगण स्वतः लावावें. पुढें काडतूस दांतांनीं न तोडतां हातानें फाडावें, अशीही तजवीज झाली. पण विश्वास तोंवर गेला होता. २४ एप्रिल रोजीं मीरत येथें घोडदळाच्या ८५ शिपायांनीं जीं काडतुसें नाकारलीं तीं जुन्याच प्रकारचीं होतीं. तरीही त्यांनीं तीं हातीं धरलीं नाहींत, आणि १० मे रोजीं उठाव झाला. उठावाचीं कारणें अनेक होतीं, हें खरें. पण वंगण ही केवळ कोठारवाल्याची बाब आहे असें समजणारे अधिकारी एक गोष्ट विसरले होते. जो मनुष्य शस्त्र धरतो त्याच्या हाताला व ओठाला त्या वस्तूचा स्पर्श होतो, आणि हाताच्या मागें मन असतें. साधन कशाचें बनलें, तें कोणीं दिलें, त्याविषयीं खरें सांगितलें कीं नाहीं, हे प्रश्न साधनाबाहेरचे नाहींत.

'साधनशुद्धि' हा शब्द आपल्याकडे गांधीयुगांत रूढ झाला. १९०९ सालच्या 'हिंद स्वराज्य' या पुस्तकांत गांधींनीं साधनास बीज व साध्यास वृक्ष म्हटलें आहे. जसें बीज तसा वृक्ष. त्यांचा आक्षेप शस्त्राच्या मळकटपणास नव्हता, शस्त्रासच होता. म्हणून रायफल पुसण्यास साधनशुद्धि म्हणणें ही निव्वळ कोटी होईल. ती आम्ही करूं इच्छीत नाहीं. तथापि या दोन शुद्धींमध्यें एक नातें आम्हांस दिसतें, आणि तें त्या कामाच्या पहिल्याच पायरींत आहे.

ती पायरी म्हणजे रायफल रिकामी करणें. कोणताही शिक्षक प्रथम हेंच सांगतो कीं, तोंड निर्धोक दिशेस करावें, काडतुसांची पेटी काढावी, घर उघडून डोळ्यांनीं पाहावें व बोटानेंही चांचपावें. काडतुसें त्या खोलींतच नसावींत. मग खिळी काढावयाची. इतकें झालें म्हणजे मांडीवर उरते ती केवळ एक पोकळ नळी, जिच्यांतून उजेड आरपार दिसतो. विराटपर्वांत पांडवांनीं शमीच्या झाडावर शस्त्रें ठेवण्यापूर्वीं धनुष्यांच्या दोऱ्या उतरविल्या, तेंही असेंच. शस्त्र जपणें आणि तें सज्ज ठेवणें या दोन गोष्टी एकाच क्षणीं होऊं शकत नाहींत. निगा राखणारा प्रत्येक वेळीं प्रथम निःशस्त्र होतो, आणि काम संपल्यावर पुन्हा सशस्त्र व्हावयाचें कीं नाहीं हा निर्णय त्यास नव्यानें घ्यावा लागतो. ज्यास या निर्णयाची जाणीव राहते त्याची निगा हा सद्गुण. ज्याच्या हातांस ती केवळ संवय झाली, त्याचें तें कौशल्य. आणि ज्यास पुसतां पुसतां चकाकीची व उपयोगाची हांव सुटली, त्याचा तो दोष. वस्तु तीच, तेल तेंच. भेद त्या रिकाम्या नळींतून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आहे.

यावरून बाटल्यांच्या निवडीविषयींही एक सूत्र निघतें. जितकें आवश्यक तितकेंच घ्यावें. अति घांसण्यानेंही नळी झिजते, असा नेमबाजांचा अनुभव आहे. आणि निगेच्या नांवाखालीं जो शृंगार चालतो तो शस्त्राविषयींच्या आसक्तीचाच एक प्रकार होय.

कांहीं दिवसांनीं आमचे स्नेही मेहकरास भेटले. दोन बाटल्या त्यांनीं परत केल्या होत्या. कामावरून आल्यावर ते रायफल रिकामी करून पुसतात आणि कुलुपांत ठेवतात. काडतुसें निराळ्या कुलुपांत असतात, व एवढें होईपर्यंत मातोश्री दारांत बसून असतात. "चालवाची पाळी नाही आली त बरंच, सर," ते म्हणाले, "पण आली त तिनं दगा द्याले नाही पाहिजे." मातोश्री आतां काय म्हणतात, असें आम्हीं विचारलें. ते थोडे हंसले. "रोज एकच इचारते. झाली का रे रिकामी?"

आमच्या लांबलेल्या विवेचनाहून तो प्रश्न अधिक नेमका आहे.