वळवाचा पाऊस आणि शिलोहाचा बुरूज

एप्रिल-मेच्या हवामान अंदाजात दोन गोष्टी हटकून असतात. किनाऱ्यावर उष्ण आणि दमट हवा, आणि तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस. ऊन सगळ्यांच्याच वाट्याला येतं. पाऊस मात्र कोणाच्या अंगणात पडेल, हे आदल्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. हवामान खात्याच्या हिशेबात तुरळक म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस, बाकीची कोरडी. हा पाव हिस्सा मला फार छळतो.

कारण मुंबईच्या किनाऱ्यावरच्या आमच्या मनोरी गावात त्या दिवसांत वलांडीवर बोंबील टांगलेले असतात, खळ्यावर जवळा पसरलेला असतो आणि बॉटल मसाल्याच्या मिरच्या अंगणात वाळत असतात. पावसाळ्याची सगळी बेगमी उघड्यावर. दहा मिनिटांची सर आली तरी जवळ्याला वास मारतो, मिरचीला बुरशी धरते. आणि शेजारच्या भंडारी घरातल्या वहिनींची विहीर तेव्हाच तळाला गेलेली असते. मी ज्या ढगाला घाबरते, त्याच ढगाकडे त्या आशेने बघतात. 2025 साली तर मोसमी पाऊस मुंबईत 26 मेलाच आला. त्याची नेहमीची तारीख 11 जून. मासेमारीची बंदी 1 जूनला लागते, त्याच्याही आधी. खळी भिजली, विहिरी भरल्या. देवाने कोणाचं ऐकलं म्हणायचं?

मे महिन्यात आमच्या गावठाणांतून संध्याकाळी क्रूसापाशी माळेची प्रार्थना होते. मुंबईच्या गावठाणांतले कितीतरी क्रूस 1896 च्या प्लेगात उभे राहिले, म्हणजे भीतीतून उभे राहिले. माझी आई तिथे उघड मागायची, जून लागेपर्यंत पाऊस थांबव. त्यात मला काही वावगं वाटत नाही. पोटासाठी मागणं हे मागणंच. वावगं वाटायचं ते सर पडून गेल्यावर ऐकू येणारं वाक्य: ‘त्यांचाच जवळा भिजला, काहीतरी केलं असेल.’ हे वाक्य मी चर्चच्या पायरीवर ऐकलंय आणि देवळाच्या ओट्यावरही. नुकसान झालेल्या माणसावर आणखी गुन्हा लादणं, तोही देवाच्या नावाने, याहून निर्दय काही मला माहीत नाही.

लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिलोहाच्या बुरुजाची गोष्ट काढतो. बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. ती यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती का, असं तो विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. पण लगेच पुढे म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही तसाच नाश होईल. या पुढच्या ओळीपाशी मी वर्षानुवर्षं अडायचे. आधीच्या नकाराशी तिचा मेळ बसेना.

तो बसला 13 मे 2024 नंतर. त्या दुपारी धुळीचं वादळ आलं, पाठोपाठ पाऊस, आणि घाटकोपरला छेडा नगरच्या पेट्रोल पंपावर जाहिरातीचा प्रचंड फलक कोसळला. 17 माणसं गेली. फलक 120 फूट लांब, 120 फूट रुंद. महापालिकेच्या नियमात 40 बाय 40 च्या वर परवानगीच नव्हती. वारा मनोरीलाही आला होता. पण वाऱ्याने तो फलक बांधला नव्हता. मेलेल्यांच्या पापाचा शोध तिथे थांबतो आणि जे जिवंत आहेत, ज्यांनी तो उभा राहू दिला, ज्यांनी रोज त्याच्याखालून जाताना वर पाहिलं नाही, त्यांच्याकडे प्रश्न वळतो. येशूची दुसरी ओळ मी आता अशी वाचते. तीत जिवंत माणसांना बदलायला सांगितलंय.

हा प्रश्न जुनाच आहे. आमच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्म ज्या पोर्तुगालने आणला, त्याच्या राजधानीत, लिस्बनमध्ये, 1 नोव्हेंबर 1755 ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी भूकंप झाला. लोक मिस्सेला बसलेले असताना चर्चेस कोसळली. व्होल्तेरने त्यावर देवाच्या चांगुलपणालाच प्रश्न केला. रूसोने त्याला पत्र लिहून कळवलं की सहा-सात मजली हजारो घरं एकाला एक लावून निसर्गाने बांधली नव्हती. रूसोचं सगळं मला पटत नाही. दाट वस्तीत राहणं ही गरिबांची निवड नसते. पण बोट त्याने बरोबर जागी ठेवलं.

उन्हाचंही तेच आहे. पूर्वेचा मतलई वारा जोरात राहिला की समुद्रावरचा खारा वारा दुपारी उशिरा शिरतो, आणि तोवर पारा चढत जातो. किनाऱ्यावर 37 अंश गाठले आणि ते सरासरीहून साडेचार अंशांनी जास्त असले, की उष्णतेची लाट म्हणतात. यात कोणाच्या पापपुण्याचा हिशेब नाही. मात्र 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या उघड्या मैदानावर एका सरकारी सोहळ्यासाठी लाखो लोक उन्हात बसले आणि 14 जण दगावले, तेव्हा सूर्य नेहमीच्याच जागी होता. माणसांना छपराशिवाय तिथे बसवण्याचं माणसांनी ठरवलं होतं.

मग क्रूसापाशी मी काय मागते? ढग हलवायला मी सांगत नाही, कारण वहिनींची विहीर मला दिसते. समुद्रावर असलेल्यांसाठी मागते, कारण तिथे माझा हात पोहोचत नाही. आणि जिथे पोहोचतो तिथल्या गोष्टी मी देवाकडे टाकायच्या बंद केल्यात. अंदाजात गडगडाट असला की प्रार्थनेनंतर आम्ही बायका आधी एकट्या म्हाताऱ्यांची खळी गोळा करतो, मग आपली, वहिनीही येतात. भर दुपारी मासळी घेऊन बसणाऱ्यांच्या डोक्यावर पत्र्याचं छप्पर हवं, असा अर्ज आम्ही लिहिलाय. त्यावर सह्या घ्यायला पहिल्यांदा गेलो, तेव्हा एक आजोबा म्हणाले, ऊन देवाचं आहे, सही कशाला. मी त्यांना शिलोहाची गोष्ट सांगितली. त्यांनी सही केली.