हेतू आणि शब्द

आपण दुखावलो, म्हणून बोलणाऱ्याचा हेतू दुष्ट होता असे सिद्ध होते काय? नाही. मग हेतू चांगला असला म्हणजे कठोर शब्द निर्दोष ठरतो काय? तेही नाही.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे एकमेकांचे काम तपासून लेखी अभिप्राय देतात. तेथे चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. ‘हे चूक आहे’ एवढे वाक्यही एखाद्याला अपमान वाटते. वाचणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे : टीका माझ्या कामावर आहे की माझ्यावर?

परंतु लिहिणाऱ्याची जबाबदारी अधिक मोठी आहे. १९९१ साली लिनक्स सुरू करणारे लिनस टोरवाल्ड्स चुकणाऱ्या सहकाऱ्यांना लेखी शिव्या देत. काम चोख व्हावे म्हणून आपण स्पष्ट बोलतो, अशी त्यांची भूमिका होती. सप्टेंबर २०१८ मध्ये मात्र त्यांनी जाहीर माफी मागितली, काही आठवडे काम थांबविले आणि ऑक्टोबरमध्ये ते परतले. चुका दाखविणे त्यांनी सोडले नाही.

तथागतांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे. पण ‘माझ्या मनात तसे नव्हते’ ही सबब एकदाच चालते. शब्द जखम करतो हे कळल्यावरही तोच शब्द वापरणे, हीसुद्धा चेतनाच होय.