दैवाचा क्रम पाचवा

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म घडण्यामागे पाच कारणे सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, करणे म्हणजे साधने, चेष्टा म्हणजे नाना प्रकारच्या क्रिया, आणि पाचवे दैव. कर्म न्याय्य असो की विपरीत, ही पाचही त्यामागे असतात. आणि तरीही जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असे लगेच पुढे म्हटले आहे. हा विचार युद्धभूमीवर सांगितला गेला. पण त्याची कसोटी पाहायची तर घाटातून एकामागे एक उतरणारा सायकलस्वारांचा गट पुरेसा आहे. त्यातला एखादा पडला की भोवती जमलेल्यांच्या तोंडी दोनच वाक्ये येतात. ‘नशिबात होते ते झाले’ हे एक, आणि ‘बघून चालवायला काय झाले होते?’ हे दुसरे. पहिल्याने सगळे दैवावर ढकलले जाते, दुसऱ्याने सगळे पडलेल्याच्या माथी मारले जाते. घडलेल्या गोष्टीत दैवाचे किती आणि माणसाचे किती, आणि दहा जण मिळून निघाले असता ‘माणसाचे’ म्हणजे नेमके कोणाचे, हा खरा प्रश्न दोन्हीकडे तसाच राहतो.

दैव मानणाऱ्या परंपरेनेही त्याला मोकळे रान दिलेले नाही. एका चाकावर रथ चालत नाही, तसे पुरुषप्रयत्नावाचून दैव फळत नाही, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. योगवासिष्ठाच्या मुमुक्षुप्रकरणात वसिष्ठ याच्याही पुढे जातात. पूर्वी केलेल्या प्रयत्नांचे फळ तेच दैव, आणि आजचा पुरुषार्थ त्याला जिंकू शकतो, असे ते रामाला बजावतात. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा धनगर, अशी त्याची आख्यायिका आहे. गाडीवाले तिथे नाणे टाकतात, घाट चढून आलेले सायकलस्वारही हात जोडतात. त्या नमस्कारात गैर काही नाही. सगळे आपल्या हातात नाही हे उतार सुरू होण्यापूर्वी क्षणभर थांबून कबूल करणे ही धर्मबुद्धीच आहे. मात्र गीतेच्या यादीत दैव शेवटी येते, आणि त्या क्रमाचा एक नैतिक अर्थ लावता येतो. आधीची चार कारणे तपासून झाल्यावरच पाचव्याचे नाव घेण्याचा अधिकार माणसाला मिळतो. भाष्यकारांनी हा अर्थ सांगितलेला नाही. रस्त्यावर मात्र तोच खरा ठरतो.

शांकरभाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर. सायकलस्वाराच्या बाबतीत शरीराबरोबर त्याखालची जमीनही त्यात धरावी लागते, कारण दोघांना जोडणारा टायरचा भाग तळहाताएवढाही नसतो. सह्याद्रीत ही जमीन ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यात घाटातल्या सावलीच्या वळणांवर शेवाळ धरते, दिवाळीनंतर कच्च्या वाटांवरचा मुरूम सुटा होतो, उन्हाळ्यात डांबर पाघळते. रस्त्याच्या कडेची साइडपट्टी खचलेली असेल तर डांबर आणि माती यांच्यात वीतभर पायरी तयार होते. मागून डंपर आला म्हणून घाईने खाली उतरणारा स्वार नेमका तिथेच आडवा होतो. रस्ता आधी पाहून ठेवणे, निदान त्या वाटेने गेलेल्याला विचारणे, हे पहिल्या कारणाचे देणे आहे.

शरीराचे देणे सरावाने फिटते. पतंजलींनी अभ्यास दृढ होण्याला तीन अटी घातल्या आहेत. तो दीर्घकाळ व्हावा, त्यात खंड पडू नये, आणि तो आदरपूर्वक व्हावा. पहिल्या दोन अटी सायकलस्वार हौसेने पाळतात, किलोमीटर मोजतात, एकही रविवार चुकवत नाहीत. तिसरी राहून जाते. आदराने केलेल्या सरावात विश्रांतीला जागा असते. आठवड्यातला बराचसा वेळ गप्पा मारता येतील इतक्या बेताच्या दमाने चालवावे, एखादा-दुसरा दिवसच छाती भरून येईल अशी मेहनत करावी, तीन-चार आठवड्यांनी भार मुद्दाम उतरवावा, ही प्रशिक्षणाची सर्वमान्य रीत आहे. फार खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, फार झोपणाऱ्याला आणि सतत जागणाऱ्याला योग साधत नाही, हे गीतेच्या सहाव्या अध्यायातले मत या रीतीशी तंतोतंत जुळते. या संयमाचा सुरक्षिततेशी सरळ संबंध आहे. सिंहगडाचा चढ जीव काढून चढलेला स्वार वर पोचतो तेव्हा त्याचे पायच थकलेले असतात असे नाही. त्याचा अंदाज थकलेला असतो, आणि उतार नेमका त्यानंतर येतो. सरावाने ताकद वाढते हे खरेच, पण माथ्यावर पोचल्यावर विवेक शिल्लक उरतो हा तिचा मोठा उपयोग आहे.

माउंटन बाइकचे कसबही असेच अंगात मुरवावे लागते. उतारावर सीटवरून किंचित उठायचे, दोन्ही पेडल एका पातळीत ठेवायचे, कोपर आणि गुडघे सैल सोडायचे. ब्रेकचे काम वळणाआधी उरकायचे, वळणाच्या मध्यावर पुढचा ब्रेक आवळायचा नाही. सगळ्यात कठीण शिस्त नजरेची. दगडाकडे टक लावली की चाक दगडाकडेच जाते, म्हणून जिथून जायचे त्या मोकळ्या जागेकडे पाहायचे. हे वाचून येत नाही. मोकळ्या मैदानावर, कमी वेगात, पुन्हा पुन्हा केल्यावर ऐन वेळी शरीर विचारल्यावाचून ते करते. त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो, म्हणून विचार आधीच करून शरीरात ठेवावा लागतो.

साधनांबद्दल थोडक्यात सांगता येते. ब्रेक पॅड झिजलेले नसावेत, टायरमधली हवा वाटेला साजेशी असावी, हेल्मेट डोक्यावर घट्ट बसणारे असावे, मागचा लाल दिवा दिवसाही चालू असावा. कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत १९७६ साली ज्या उतारावर शर्यती सुरू झाल्या आणि ज्यांतून माउंटन बाइक हा प्रकार आकाराला आला, त्या उताराला ‘रीपॅक’ हे नावच साधनाच्या मर्यादेवरून पडले. जुन्या सायकलींचा मागचा ब्रेक इतका तापे की हबमधले ग्रीस जळून जाई आणि दर फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. ते भरणारे धाडसी होते आणि काळजी घेणारेही होते. या दोन गुणांत विरोध मानण्याचे कारण नाही.

साधनाच्या हयगयीतून पाश्चात्त्य नीतिशास्त्रातला एक अवघड प्रश्न उभा राहिला आहे. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी १९७६ साली ‘नैतिक नशीब’ ही कल्पना चर्चेला आणली. ब्रेक तपासायचे राहून गेलेला एक ट्रकचालक आणि अचानक समोर आलेले मूल, हे नेगल यांचे उदाहरण. मूल समोर आले नसते तर त्याच चालकाची तीच हयगय कोणाच्या ध्यानातही आली नसती. चूक सारखी, दोषाचे ओझे मात्र जमीन-अस्मानाइतके वेगळे, आणि हा फरक निव्वळ योगायोगाने पडलेला. नेगल यांना यात नैतिक निर्णयाच्या मुळाशीच असलेली विसंगती दिसली. गीतेच्या पाच कारणांनी ही विसंगती पुरती सुटत नाही, पण एक वाट दिसते. दोष मोजायचा तो हातातल्या चार कारणांवरून. ज्याचे पॅड झिजलेले होते आणि जो तरीही सुखरूप घरी पोचला, त्याचाही हिशेब पडलेल्याइतकाच बाकी राहतो.

खरी गुंतागुंत कर्त्याची आहे. एकटा स्वार एक कर्ता असतो. गट हा दहा कर्त्यांची बेरीज नसतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला आठ मीटरहून अधिक पुढे जाते. पुढच्याच्या आडोशाने चालवले की वाऱ्याचा अडसर कमी होतो आणि मागच्याचे श्रम सुमारे पाव हिश्श्याने वाचतात, म्हणून स्वार एकमेकांच्या चाकामागे मीटरभर अंतरावर राहतात. ते अंतर सेकंदाच्या आठव्या भागात संपते, आणि दिसलेल्या गोष्टीवर हालचाल सुरू करायला माणसाला पाव सेकंद तरी लागतो. म्हणजे मागच्याला स्वतःच्या डोळ्यांवर विसंबून वाचता येणे शक्यच नसते. त्याने आपले डोळे पुढच्याकडे सोपवलेले असतात. पुढच्याने हात खाली करून बोटाने दाखवलेला खड्डा, ‘खडी!’ किंवा ‘गाडी!’ अशी मारलेली हाळी, थांबण्याआधी वर केलेला तळहात, या क्रिया म्हणजे सोपवलेल्या विश्वासाची परतफेड. गीतेतल्या चेष्टा या कारणाचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण आहे. हाळी पुढच्याकडून मागच्याकडे पोचवली गेली नाही, मधल्या एकानेच ती गिळली, तरी शेवटचा स्वार पडतो. आणि त्या मधल्याने सायकल अगदी निर्दोष चालवलेली असते.

यावरून गटातली जबाबदारी वाटून घेण्याची वस्तू नाही हे दिसते. दहा जणांत ती एकदशांश होत नाही. प्रत्येकाकडे ती पूर्ण असते. पुढे चालणाऱ्याने वेग आणि वाट ठरवायची, सगळ्यात मागच्या अनुभवी स्वाराने, ज्याला ‘स्वीप’ म्हणतात, कोणी मागे राहत नाही हे पाहायचे, चढ संपल्यावर सगळ्यांनी थांबून पुन्हा एकत्र व्हायचे. गटाचा वेग सगळ्यात हळू चालवणाऱ्यावरून ठरवावा या नियमामागे दयेपेक्षा न्याय अधिक आहे. मागे पडलेला नवखा माणूस गट गाठण्यासाठी आपल्या कुवतीबाहेर उतरतो, आणि तसा तो उतरतो तेव्हा निर्णय त्याचा दिसला तरी त्याला तिथवर आणणारे पुढे गेलेले असतात.

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी वाटू नये. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाट चढणाऱ्या दिंड्यांना क्रमांक असतात, प्रत्येक दिंडीत विणेकरी असतो, चालण्याची जागा ठरलेली असते. लाखोंच्या गर्दीत माणसे सावरली जातात ती या शिस्तीमुळे. आषाढीच्या आधी नाशिक आणि पुण्याकडून पंढरपूरला निघणाऱ्या सायकलवारीने भक्तीबरोबर हीच शिस्त चाकांवर आणली आहे.

धोका पत्करण्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्नही इथेच येतो. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ सालच्या ‘ऑन लिबर्टी’त असे मांडले की दुसऱ्याला इजा होत असेल तरच व्यक्तीच्या वागण्यावर सक्ती न्याय्य ठरते, तिचे स्वतःचे भले हे सक्तीला पुरेसे कारण नाही. त्या न्यायाने निर्जन डोंगरात एकट्याने उडी घेणाऱ्याला कोणी अडवू नये. हे मान्य करण्यासारखे आहे. धाडसावाचून डोंगर कळत नाही. पण गटात निव्वळ स्वतःपुरती अशी कृती फार थोडी उरते. एकाचे चाक दुसऱ्याला घासले की मागचे दोघे-तिघे त्याच्यावर येतात. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २००३ साली, पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव यांचा डोक्याच्या दुखापतीने मृत्यू झाल्यानंतर, व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचे केले. भारतात मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमातली हेल्मेटसक्ती मोटारसायकलसाठी आहे, साध्या सायकलस्वारासाठी नाही. म्हणूनच गटाने स्वतःवर घालून घेतलेला नियम महत्त्वाचा ठरतो. हेल्मेट नसलेल्याला राइडला घेऊ नये, तो कितीही जवळचा असला तरी. डोंगरातली वाटही निर्जन असतेच असे नाही. ती गुराख्याची, शाळेत जाणाऱ्या मुलांची, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईची रोजची वाट असते. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आणि सायकलवाल्याने पायी चालणाऱ्याला वाट द्यावी, गुरे दिसली की थांबावे.

या विचाराचा गैरवापर होण्याचा एक धोका आहे आणि तो गंभीर आहे. कारणे पाच आहेत असे म्हटले की पडलेल्याच्या चुका शोधणे सोपे जाते. भरधाव ट्रकने कडेच्या सायकलस्वाराला उडवले तर ‘त्याने दिवा लावला होता का?’ हा पहिला प्रश्न असू नये. ज्याच्या हाती अधिक वजन आणि अधिक वेग, त्याचे देणे अधिक. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारे अंतर चौपट होते, आणि ते अंतर मोकळे ठेवण्याची जबाबदारी वेग वाढवणाऱ्याची असते. सायकलस्वाराने आपली चार कारणे तपासायची ती पुढच्या राइडसाठी. गाडीवाल्याला सोडवण्यासाठी त्यांचा उपयोग करणे हा अन्याय आहे.

एवढे सगळे करूनही माणसे पडतात. रस्ता पाहिलेला असतो, ब्रेक नवे असतात, हाळी वेळेवर मिळालेली असते, आणि झुडपातून कुत्रा चाकाखाली येतो. हे पाचवे कारण. त्याच्यापुढे नम्र व्हावे, पडलेल्याला किंवा पुढच्याला बोल लावू नये. पण दैवाचे काम त्या क्षणापुरते असते. पुढच्या मिनिटापासून पुन्हा माणसाची पाळी सुरू होते. एकाने वळणाआधी उभे राहून वाहने थोपवायची, मानेला मार असेल तर पडलेल्याला हलवायचे नाही, हेल्मेट ओढून काढायचे नाही, वाहणारे रक्त दाबून धरायचे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या १३४-अ कलमानुसार, अपघातग्रस्ताला सद्भावनेने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याखालच्या नियमांनुसार आपले नाव-गाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. राइडला निघणाऱ्या प्रत्येकाने रक्तगट आणि घरच्यांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवावी, आणि ती कोणत्या खिशात आहे हे शेजारच्या स्वाराला सांगून ठेवावे.