‘त्याचे’ वडील, तिचे वडील

लग्न झालेल्या, स्वतः कमावणाऱ्या मुलीचे वडिलांशी नाते नेमके कशावर उभे असते, या प्रश्नाला सध्या एकच तयार उत्तर मिळते: मायेवर. मुलगा बायको येईपर्यंत मुलगा, मुलगी मात्र जन्मभर मुलगी, ही म्हण मूळची इंग्रजी. पण पितृदिनाच्या शुभेच्छांतून ती आता चांगली मराठी झाली आहे. तिचा दुसरा उपयोग दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात होतो. डोंबिवली-ठाकुर्लीतली जुनी इमारत पुनर्विकासाला निघाली, की वडिलांच्या खोलीवर वारसांची नावे लावायची वेळ येते आणि बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावले जाते. काही शे रुपयांचा मुद्रांक, फोटो, अंगठा, दोन साक्षीदार, परतताना साडीचोळी. तू तर जन्मभर या घरची लेक, तुला कागद कशाला, असे म्हटले की विषय संपतो. मायेचे कौतुक असे हिशेब टाळायच्या कामी येते.

जुन्या धर्मशास्त्राची बाजू सर्वांना माहीत आहे: कन्यादान, परक्याचे धन, दिल्या घरी सुखी राहा. तिच्यातला एक अपवाद मात्र सहसा आठवला जात नाही. मुलगा नसलेल्या बापाची मिळकत मुलीकडे आली, तर बंगाल-मद्रासकडे ती तिच्याकडे हयातीपुरतीच राही. मुंबई इलाख्यात मात्र मुलगी तिची पूर्ण मालक होई. अर्थात भाऊ असला, की हा अपवाद संपलाच.

एकोणिसाव्या शतकातली उदाहरणे पाठच असतात. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि ते तिच्याकडून पंडिता रमाबाईंकडे आले. ताराबाई शिंद्यांमागे त्यांचे सत्यशोधक वडील बापूजी हरी शिंदे होते. कल्याणच्या आनंदीबाई जोशींच्या कथेत मात्र वडील लग्न लावून देतात आणि पुढची सगळी जागा नवरा व्यापतो. या कथांत बाप देणारा असतो, निदान द्यायचे नाकारणारा तरी. मोठी झालेली मुलगी बापाचे काही देणे लागते, हा विचार त्यांत कुठे डोकावत नाही.

हिंदू कोड बिलाचा झगडा आणि 1951 मधला आंबेडकरांचा राजीनामा यांवर भरपूर लिहिले गेले आहे. 1956 च्या वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा मिळाला. त्याच वर्षीच्या दत्तक व पोटगी कायद्याने वृद्ध आईबापांना पोसण्याची जबाबदारी मुलगा-मुलगी दोघांवरही टाकली. त्या वारसा कायद्याच्या कलम 23 मध्ये मात्र एक पाचर होती: कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी भावांनी स्वतःहून केल्याशिवाय बहिणीला ती मागता येत नसे.

खरे वळण पुढे आले, तेही कल्याणच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, आणि तेच सर्वाधिक चुकीचे वाचले जाते. कल्याणमध्ये वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या एका विवाहित मुलीविरुद्ध तिच्या वडिलांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली पोटगीचा अर्ज केला. मागणी महिना 500 रुपयांची होती. त्या काळी कलमाची कमाल मर्यादाच तेवढी होती. मुलीची आई 1948 मध्ये वारली होती आणि वडिलांनी दुसरे लग्न केले होते. मुलीचा आक्षेप व्याकरणाचा होता. कलमात ‘त्याचे’ वडील किंवा आई असे पुल्लिंगी सर्वनाम आहे. तेव्हा जबाबदारी मुलाची, मुलीची नव्हे, त्यातून लग्न झालेल्या मुलीची तर नव्हेच. दंडाधिकाऱ्यांनी हा आक्षेप फेटाळला, मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळणे कायम केले आणि 18 फेब्रुवारी 1987 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही मुलीचे अपील नामंजूर केले.

न्यायालयाने मुलीला बाप पोसायला लावले, असा या निकालाचा सारांश सर्रास दिला जातो. तो खरा नाही. ठरले ते इतकेच, की असा अर्ज चालू शकतो. वडिलांना गरज आहे का, मुलीची ऐपत किती, हे दंडाधिकाऱ्यांनी तपासायचे होते. पुल्लिंगी शब्दात स्त्रीही येते, हा कायद्याच्या अर्थनिर्णयाचा सर्वसाधारण नियम लावला गेला. लग्नाने मुलगी बापाची मुलगी असायची थांबत नाही, हेही मान्य झाले. मात्र निकालाचा गाभा त्यात घातलेल्या अटीत आहे. विवाहित मुलीवर आदेश काढण्यापूर्वी नवऱ्याचे उत्पन्न बाजूला ठेवून तिची स्वतःची ऐपत पुरेशी आहे, याची खात्री पटली पाहिजे. म्हणजे बापासमोर जी उभी राहिली ती कुणाची बायको म्हणून नव्हे आणि कुणाची लाडकी म्हणूनही नव्हे. स्वतःचे पैसे असलेली प्रौढ व्यक्ती म्हणून. माया आहे की आटली, हा प्रश्न या कसोटीत येतच नाही. आणि जिला बापाला देण्याचा हा आदेश होऊ शकत होता, तिला त्याच बापाच्या घराची वाटणी मागायला कलम 23 अजून आडवे येत होते. देणे पूर्ण, घेणे अडकलेले.

यानंतर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे क्वार्टरचा प्रश्न सोडवला. ठाकुर्लीसारख्या रेल्वे वसाहतीत त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्याचे घर रेल्वेतच नोकरी करणाऱ्या मुलाच्या नावे होऊ शके. विवाहित मुलगी रेल्वेत असली, तरी घरात मुलगा असताना तिला रेल्वे बोर्डाचे परिपत्रक आड येई. न्यायालयाने तो भेद रद्द केला. निकाल योग्यच होता. पण तिथे आधाराला घेतली गेली ती हीच जन्मभर मुलगी राहण्याची म्हण, आणि म्हातारपणी काळजी कोण घेईल याविषयीची बापाची अपेक्षा. मुलीचा हक्क असा बापाच्या आशेवर टेकवला गेला. कल्याणच्या निकालाने काढलेली पायवाट इथे पुन्हा मायेकडे वळली. वडिलोपार्जित मिळकतीतल्या मुलीच्या हक्काविषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालात ही म्हण परत आली आणि मथळ्यांत झळकली.

मधल्या पायऱ्यांविषयी वाद नाही. 22 जून 1994 पासून महाराष्ट्राने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद, म्हणजे जन्मतः हिस्सेदार, केले, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. जणू लग्नाची तारीख हीच मुलीपणाची मुदत. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीने ही अट उरली नाही, कलम 23 ही गेले. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात अपत्यांच्या व्याख्येत मुलगी स्पष्ट शब्दांत आली. वडिलोपार्जित मिळकतीतला मुलीचा हक्क जन्माचा आहे, 2005 साली वडील हयात असण्यावर तो अवलंबून नाही, हे 11 ऑगस्ट 2020 च्या त्या निकालाने पक्के झाले.

1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि कलम 125 चे कलम 144 झाले. मजकूर नव्याने लिहायची ती संधी होती. आईवडिलांच्या खंडातले सर्वनाम मात्र ‘त्याचे’च राहिले. त्यात मुलगीही येते, हे दाखवायला अजूनही कल्याणचा निकालच पुढे करावा लागतो.